‘मोअर बेटर’ म्हणू नका: पुण्यात नवीन आलेल्यांसाठी इंग्रजीतला तरतमभाव

लातूरहून पुण्यात आलो त्याच वर्षी हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या मॅडमनी सहज विचारलं, मुंबईला न जाता पुण्याला का आलात? मी आदल्या रात्री खोलीत आरशासमोर पाठ केलेलं वाक्य ठोकून दिलं: ‘पुणे इज मोअर बेटर दॅन मुंबई, अँड इट इज कोल्ड दॅन मुंबई.’ मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. नोकरी मिळाली नाही. ती या एका वाक्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

गंमत बघा, एकाच वाक्यात दोन चुका आणि दोन्ही उलट्या दिशेच्या. ‘बेटर’ला तुलना आधीच चिकटलेली असताना मी वर ‘मोअर’ लावलं, आणि ‘कोल्ड’ला तुलना लावायची होती तिथे काहीच लावलं नाही. आता मी संध्याकाळी पाच-सहा जणांना बोलायचं इंग्रजी शिकवतो. कुणी बीडचं, कुणी सोलापूरचं, कुणी नंदुरबारचं. सगळे याच दोन खड्ड्यांत पडतात. हे डोकं कमी असल्यामुळे होत नाही. आपण मराठीत विचार करतो आणि मराठीची तुलना करायची रीतच निराळी आहे, म्हणून होतं.

पायरी पहिली: पेक्षा कुठे चिकटतं ते बघा

‘मुंबईपेक्षा पुणे थंड आहे.’ या वाक्यात ‘थंड’ या शब्दाला काय झालं? काहीच नाही. पुणे नुसतंच थंड असतं तरी ‘थंड’, आणि मुंबईपेक्षा थंड असलं तरी ‘थंड’च. सगळं काम ‘मुंबई’ला लागलेल्या ‘पेक्षा’ने केलं. मराठीत तुलनेचं ओझं नामाच्या डोक्यावर असतं, विशेषण हात हलवत मोकळं चालतं. इंग्रजीत ओझं दोघांनी उचलायचं. मुंबईच्या आधी ‘दॅन’ येतो, हे आपल्याला बरोबर आठवतं, कारण तो ‘पेक्षा’सारखा दिसतो. पण विशेषणानेही रूप बदलायचं असतं, ते आपण विसरतो, कारण मराठीत तशी सवयच नाही. म्हणून ‘कोल्ड दॅन’.

दुसरा फरक क्रमाचा. आपण ज्याच्याशी तुलना करायची ते आधी सांगतो, इंग्रजीत ते शेवटी येतं. मी वहीत तीन खाने पाडायला सांगतो: कोण, कसं, कुणापेक्षा. ‘पुणे’, ‘इज कूलर’, ‘दॅन मुंबई’. पहिला महिनाभर प्रत्येक वाक्य या तीन खान्यांत टाका, मगच तोंडाने बोला. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आणि मुंबई समुद्राला टेकलेली, त्यामुळे हे वाक्य खरंही आहे. एप्रिलच्या दुपारी मात्र बोलू नका, लोक हसतात.

आणि हो, ‘दॅन’. ‘देन’ म्हणजे मग, नंतर. बोलताना आपण दोन्ही सारखेच उच्चारतो, ते खपून जातं. लिहिताना मात्र ए आणि ई यांची अदलाबदल फार दिसते, अगदी नोकरीच्या अर्जातसुद्धा.

पायरी दुसरी: ‘अर’ की ‘मोअर’?

इथे लोक यादी पाठ करायला बसतात. नका करू. हनुवटीखाली तळहात धरा आणि शब्द मोठ्याने म्हणा. हनुवटी किती वेळा खाली येते ते मोजा. ‘चीप’, एकदा. ‘स्ट्राँग’, एकदाच, देवनागरीत कितीही जोडाक्षरं दिसू देत. ‘हॅपी’, दोनदा. ‘एक्स्पेन्सिव्ह’, तीनदा.

एकदा आली तर शेवटी ‘अर’ आणि सगळ्यात जास्तसाठी ‘एस्ट’: चीप, चीपर, चीपेस्ट. तीन किंवा जास्त वेळा आली तर शब्दाला हात लावायचा नाही, आधी ‘मोअर’ किंवा ‘मोस्ट’ ठेवायचं: मोअर एक्स्पेन्सिव्ह, मोस्ट एक्स्पेन्सिव्ह. भांडण आहे ते दोनवाल्यांचं. त्यात शेवटी वाय असेल तर बहुतेक ‘अर’: ईझिअर, हेविअर, बिझिअर. बाकीच्यांना ‘मोअर’ लावलं तर सहसा चुकत नाही: मोअर मॉडर्न, मोअर केअरफुल. ‘सिंपल’, ‘नॅरो’, ‘क्लेव्हर’, ‘क्वाएट’ असे काही शब्द ‘अर’ आनंदाने घेतात. बोळ अरुंद आहे हे सांगायला ‘नॅरोअर’ म्हणा, कसबा पेठेत रोज उपयोग होईल.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, कारण तो रोजच्या बोलण्यातला आहे. ‘टायर्ड’, ‘बोअर्ड’, ‘क्राउडेड’ असे क्रियापदापासून ‘ईडी’ लागून झालेले शब्द हनुवटीला जुमानत नाहीत, त्यांना नेहमी ‘मोअर’. रविवारी संध्याकाळी तुळशीबाग लक्ष्मी रोडपेक्षा ‘मोअर क्राउडेड’ असते, ‘क्राउडेडर’ नसते. ‘फन’लाही ‘मोअर फन’.

आणि मुद्दा पहिला: ‘अर’ आणि ‘मोअर’ यांच्यातलं एकच घ्यायचं. मंडईत एकाच भाजीचे पैसे दोनदा देता का?

पायरी तिसरी: स्पेलिंग, पटकन

हनुवटी एकदाच खाली येणाऱ्या शब्दाची शेवटची तीन अक्षरं व्यंजन-स्वर-व्यंजन अशी असतील तर शेवटचं दुप्पट होतं. बी-आय-जी, म्हणून ‘बिगर’मध्ये दोन जी. एच-ओ-टी, म्हणून ‘हॉटर’मध्ये दोन टी. ‘चीप’मध्ये दोन स्वर शेजारी बसलेत, तिथे पी एकच. शेवटी डब्ल्यू असेल तर तो कधी दुप्पट होत नाही: ‘न्यूअर’, ‘स्लोअर’. शेवटी आधीच ई असेल, जसं ‘लार्ज’, तर फक्त आर लावा. वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आय येतो. एवढं पुरे.

पायरी चौथी: उलटसुलट शब्द, आणि ज्येष्ठ-कनिष्ठ

‘गुड, बेटर, बेस्ट’ आणि ‘बॅड, वर्स, वर्स्ट’ शाळेत घोकलेले असतात. ‘मच’ आणि ‘मेनी’ दोघांचंही ‘मोअर, मोस्ट’. ‘लिटल’चं ‘लेस, लीस्ट’. ‘फार’चं, म्हणजे लांब या अर्थाच्या इंग्रजी ‘फार’चं, ‘फार्दर’ किंवा ‘फर्दर’. पाठ असूनही तोंडातून ‘मोअर बेटर’ आणि ‘मोस्ट बेस्ट’ का येतं? कारण आपल्या मराठीत ‘बेस्ट’ हा साधा शब्द होऊन बसला आहे. ‘सगळ्यात बेस्ट मिसळ कुठली?’ असं आपण दिवसातून तीनदा विचारतो. मराठीत ते वाक्य झक्कास आहे. तेच इंग्रजीत नेलं की ‘सगळ्यात’चं ‘मोस्ट’ होतं आणि गाडी घसरते.

आपण संस्कृतच्या बाबतीतही हेच केलंय. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत चांगला, तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो. ‘उत्तम’ही मुळात टोकाचाच शब्द, तरी ‘सर्वोत्तम’. आणि हे नुसतं साम्य नाही. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ यांच्या शेवटी जो ‘इष्ठ’ आहे, तो आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे एकाच जुन्या भाषेतून आलेले भाऊ आहेत. दोन्ही भाषा एकाच मोठ्या घराण्यातल्या, त्यातून हे झालं. मला हे कळलं तेव्हापासून ‘बेस्ट’ परका वाटेनासा झाला. ‘बलिष्ठ’ म्हणा, मग ‘स्ट्राँगेस्ट’ म्हणा. शेवट कानाला जवळजवळ सारखाच लागतो. ‘मोस्ट बलिष्ठ’ म्हणायला जीभ रेटत नाही ना? मग ‘मोस्ट स्ट्राँगेस्ट’लाही रेटू देऊ नका. ‘तरतमभाव’ हे या प्रकरणाचं मराठी व्याकरणातलं नावही त्याच कारखान्यातलं: लघु, लघुतर, लघुतम.

पायरी पाचवी: ‘द’, आणि कशात सगळ्यात

सगळ्यात वरचं सांगताना आधी ‘द’ हवाच. मराठीत ‘द’ला जोडीदार नाही म्हणून तो गळतो. त्यानंतर मैदान सांगायचं. जागा असेल तर ‘इन’, गट असेल तर ‘ऑफ’.

गडांवर हे छान बसतं. सिंहगड साधारण १,३१२ मीटर, तोरणा १,४०३ मीटर. ‘तोरणा इज हायर दॅन सिंहगड.’ तोरणा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, म्हणून ‘तोरणा इज द हायेस्ट फोर्ट इन पुणे डिस्ट्रिक्ट’. मैदान वाढवलं की उत्तर बदलतं. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला नाशिक जिल्ह्यातला साल्हेर, आणि किल्ला सोडून नुसतं शिखर म्हणालात तर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणून ‘इन’नंतरचा शब्द कधी गाळू नका. ‘ऑफ द थ्री, सिंहगड इज द लोएस्ट’ असंही म्हणता येईल, तिसरा साल्हेर धरला तर.

आता पुण्यातली सगळ्यात आवडती चूक: ‘वन ऑफ द बेस्ट कॉलेज’. बॅनरवर, बायोडेटात, भाषणात, सगळीकडे. ‘पैकी एक’ म्हणजे मागे ढीग असलाच पाहिजे, म्हणून ‘कॉलेजेस’. डेक्कन कॉलेज १८२१ साली सुरू झालेल्या पाठशाळेपासून आपलं वय मोजतं, इंजिनिअरिंगचं सीओईपी १८५४चं, फर्ग्युसन १८८५चं. तेव्हा ‘सीओईपी इज ओल्डर दॅन फर्ग्युसन, बट डेक्कन कॉलेज इज द ओल्डेस्ट ऑफ द थ्री’. आणि ‘डेक्कन कॉलेज इज वन ऑफ द ओल्डेस्ट कॉलेजेस इन इंडिया’. क्रियापद मात्र ‘इज’, कारण बोलतोय एकाबद्दलच.

पायरी सहावी: खोली शोधताना

इथे जरा बसू या, कारण नियम पाठ असलेले लोकही इथे अडकतात. समजा दोन ठिकाणं बघितली आहेत. एक नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यातली खोली, कॉट बेसिसवर, महिना साडेसहा हजार. दुसरी वारज्यात, नव्या इमारतीत, साडेचार हजार. रूममेट केरळचा आहे, त्याला फोनवर सगळं इंग्रजीतून सांगायचंय.

‘भाडं कमी आहे.’ लगेच तोंडात येतं ‘रेंट इज लेस’. त्यापेक्षा ‘द रेंट इज लोअर’ बरं. भाडं, किंमत, पगार हे आकडे आहेत, ते वर-खाली होतात. ‘चीपर’ खोली असते. आपल्या एका ‘कमी’ला इंग्रजीत तीन शब्द लागतात: पाणी कमी, ‘लेस वॉटर’, मुलं कमी, ‘फ्यूअर बॉइज’, भाडं कमी, ‘लोअर रेंट’.

‘दोन हजारांनी स्वस्त’ म्हणजे ‘चीपर बाय टू थाउजंड’, किंवा आकडा उचलून आधी ठेवा: ‘टू थाउजंड रुपीज चीपर’. ‘अभ्यासिकेपासून दहा मिनिटं जवळ’, ‘टेन मिनिट्स क्लोजर टु द रीडिंग रूम’. ‘दुप्पट मोठी’ला ‘बिगर’ नको, ‘ट्वाइस ॲज बिग’.

‘तेवढी उजेडाची नाही.’ हे वाक्य मला फार आवडतं, कारण मराठी आणि इंग्रजी इथे हातात हात घालून चालतात. ‘इट इज नॉट ॲज ब्राइट.’ पुढे ‘ॲज द अदर वन’ जोडा. मालक समोर उभा असताना ‘युअर रूम इज वर्स’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य. पेठेतल्या मालकाचं मात्र सांगता येत नाही, तो ‘मग तिकडेच जा’ शुद्ध मराठीत सांगू शकतो.

‘फार स्वस्त’ सांगायचं असेल तर? ‘व्हेरी चीपर’ चालत नाही. ‘अर’वाल्या शब्दाआधी ‘मच’ लावायचं, किंवा ‘फार’. होय, इंग्रजीतलं ‘फार’! मूळ अर्थ लांब, पण इथे त्याचं काम नेमकं आपल्या ‘फार’सारखं होतं: ‘फार चीपर’, ‘फार बेटर’. निव्वळ योगायोग आहे, पण फुकटचा आहे तर वापरा. फक्त पुढचा शब्द तुलनेच्या रूपात हवा. ‘फार चीप’ म्हणालात की पुन्हा लातूर. थोडंसंच असेल तर ‘अ बिट चीपर’.

‘त्यातल्या त्यात वारज्याचीच बरी.’ म्हणजे दोन्ही काही खास नाहीत, पण निवडायचीच तर ही. दोघांतलीच निवड असेल तेव्हा ‘द बेटर ऑफ द टू’. इथे ‘अर’च्या रूपाआधीही ‘द’ येतो, कारण एक ठरावीक खोली बोटाने दाखवली. ‘उन्नीस-बीसचा फरक’ असेल तर ‘ऑलमोस्ट ॲज गुड ॲज’. ‘भाडी दिवसेंदिवस महाग होतायत’, ‘रूम्स आर गेटिंग मोअर अँड मोअर एक्स्पेन्सिव्ह’. ‘जितक्या लवकर तितकं बरं’, ‘द सूनर, द बेटर’.

आपली ‘-त’वाली जोडी मात्र एका साच्यात बसत नाही. ‘कमीत कमी’ म्हणजे ‘ॲट लीस्ट’, ‘जास्तीत जास्त’ म्हणजे ‘ॲट मोस्ट’. ‘लवकरात लवकर’ला ‘ॲज सून ॲज पॉसिबल’. ‘स्वस्तात स्वस्त’ला ‘द चीपेस्ट पॉसिबल’. वाटलं तर या चार ओळी कॉटच्या वर भिंतीला चिकटवा.

पायरी सातवी: माणसं

‘दादा माझ्यापेक्षा मोठा आहे’ याचं ‘बिगर दॅन मी’ केलंत तर ऐकणाऱ्याला दादाचं पोट दिसतं. वयासाठी ‘ओल्डर’, धाकट्यासाठी ‘यंगर’. ताई चार वर्षांनी मोठी, ‘माय सिस्टर इज फोर इयर्स ओल्डर दॅन मी’. ‘एल्डर’ फक्त नात्याला चिकटवून, ‘माय एल्डर सिस्टर’. ‘एल्डर दॅन’ म्हणू नका.

ऑफिसात ‘सीनिअर’ आणि ‘जूनिअर’ भेटतील. हे शब्द लॅटिनमधून येतानाच तुलना पोटात घेऊन आले आहेत. ‘मोअर’ न लावता म्हणायचं तर त्यांच्यापुढे ‘दॅन’ नको, ‘टु’ लावा: ‘शी इज सीनिअर टु मी’. ‘सुपिरिअर’, ‘इन्फिरिअर’ही याच पंगतीत, पुढे ‘टु’. ‘प्रिफर’ विशेषण नाही, पण त्यालाही ‘टु’ लागतं: ‘आय प्रिफर चहा टु कॉफी’. अमृततुल्यासमोर उभं राहून दुसरं म्हणणार तरी काय.

शेवटची पायरी: कशाशी काय

‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली.’ मराठीत आपण ‘मुंबईच्या हवेपेक्षा’ न म्हणताही समजून घेतो. लिखित इंग्रजीत मात्र हवेची तुलना थेट शहराशी झाली तर परीक्षक लाल पेन काढतो. ‘पुणेज वेदर इज बेटर दॅन मुंबईज’, एवढा शेवटचा ‘ज’ पुरतो. तसंच, स्वतःला स्वतःशी तोलू नका. तोरणा पुणे जिल्ह्यातल्या ‘एनी फोर्ट’पेक्षा उंच म्हटलं की त्या ‘एनी’त तोरणाही आला. ‘हायर दॅन एनी अदर फोर्ट’ म्हणा.

सरावाला पुस्तक नको. पीएमपीएमएलच्या बसमध्ये खिडकीशी बसलात की समोरच्या दोन दुकानांची, दोन बसची, दोन पाट्यांची तुलना मनातल्या मनात करा. एक वाक्य ‘अर’चं, एक ‘मोअर’चं, एक ‘नॉट ॲज’चं, एक ‘द’वालं. स्वारगेट ते डेक्कन एवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची तेरा वाक्यं झाली होती. चौदाव्याला तिने बसचा गर्दीचा दरवाजा बघून ‘मोअर क्राउडेडर’ म्हटलं, आणि मग स्वतःच जीभ चावली.